कुबेराच्या पेढीवरचा पाण्याचा पडदा सारखा तुटतो? देखावा करणाऱ्या मंडळांसाठी

तक्रार दरवर्षी तीच. पन्हळीतून पाणी निघतं तेव्हा अखंड पडदा दिसतो, छातीच्या उंचीपर्यंत येता येता त्याच्या चिंध्या होतात आणि खाली नुसत्या धारा पडतात. मग पंप बदलतात. मोठा पंप आणला की पाणी मंडपाबाहेर उडतं, पुढे उभ्या असलेल्यांचे कपडे भिजतात, आणि पडदा तरी तुटतोच. गणपती जवळ आले की आपल्या खान्देशातल्या मंडळांचे फोन सुरू होतात: ‘पानी तुटी जास भो, काय करू?’

उत्तर आधीच सांगतो. दोष पंपाचा क्वचित असतो. पाणी काठावरून पडायच्या आधी शांत झालेलं नसतं, हे खरं कारण. आणि हा पडदा म्हणजे मागची नुसती सजावट नाही. या देखाव्यात पहारा तोच करतो, म्हणून तो तुटला की सगळी गोष्टच तुटते.

ज्यांनी हा देखावा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुबेराची पेढी आहे. नऊ निधींच्या नऊ तिजोऱ्या: पद्म, महापद्म, शंख, मकर, कच्छप, मुकुंद, कुंद, नील, खर्व. दाराशी यक्ष बसलेले. यक्षांचे चेहरे कसे करायचे हा प्रश्न पडला तर अजिंठ्याला जाऊन या, जळगावहून साठेक किलोमीटर. दोन क्रमांकाच्या लेण्यात शंखनिधी आणि पद्मनिधी शेजारी शेजारी बसलेले आहेत. असे गुबगुबीत, समाधानी पहारेकरी तुम्हाला कॅलेंडरच्या चित्रात मिळणार नाहीत. पेढीत कुलूप नाही, शिपाई नाही. तिजोऱ्यांकडे जाणाऱ्या बोळात मंतरलेलं पाणी वरून पडतं आणि आत जाणारा प्रत्येक जण त्याखालून जातो. त्या पाण्याचं काम एकच, अंगावर चढवलेलं खोटं उतरवणं. वेषांतर, रूपबदल, भुरळ, बनावट मुद्रा, सगळं धुऊन जातं.

चोर डोल्यांमधून येतात, आणि ही कल्पना आपल्या मातीतली आहे. फारुकी घराण्यातल्या नासिरखानाने आसा अहिराकडून असीरगड घेतला त्याची हकिकत फेरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे: जनान्याला गडावर आसरा द्या म्हणून विनवणी केली, आणि डोल्या उघडल्या तेव्हा आतून हत्यारबंद माणसं बाहेर पडली. तटबंदी शाबूत राहिली, गड गेला. असीरगड आज मध्य प्रदेशात मोडतो, पण इतिहासात तो खान्देशचाच. पुढे १६०१ मध्ये अकबराने तो घेतला तेव्हाही, तोफांपेक्षा सोन्याने दार उघडलं असं सांगतात. खोट्या डोलीला ओळखणारं पाणी दाखवायचं, तर ते याच भागात दाखवण्यात मजा आहे.

आता दुरुस्ती.

आधी पन्हळ बघा

पंप चालू ठेवा, मंडपातले दिवे मालवा आणि टॉर्च पन्हळीतल्या पाण्यावर तिरका धरा. पाण्याच्या पाठीवर लाटा, भोवरे किंवा बुडबुडे दिसले तर पुढचं काही बघू नका, रोग सापडला. बहुतेक ठिकाणी पंपाचा पाईप थेट पन्हळीत सोडलेला असतो. पाणी जोरात येऊन आपटतं, लाटा काठापर्यंत जातात आणि प्रत्येक लाटेगणिक पडद्याला जाड-बारीक पट्टे पडतात. बारीक पट्टा आधी फाटतो.

उपाय स्वस्त आहे. पन्हळीच्या पूर्ण लांबीचा पीव्हीसी पाईप आत आडवा ठेवा, दोन्ही टोकं बंद करा, त्याला ओळीने भोकं पाडा आणि ती भोकं प्रेक्षकांकडे न करता मागच्या भिंतीकडे वळवा. पाणी मागे आपटून जोर घालवतं. मग पाईप आणि काठ यांच्या मध्ये कूलरच्या हनीकोंब पॅडची पट्टी उभी करा. खान्देशात कूलर नसलेलं घर सापडणं अवघड, जुनी पॅड प्रत्येक गल्लीत मिळते. पाणी तिच्या बारीक नळ्यांतून पलीकडे येतं तेव्हा त्याच्या पाठीवर सुरकुतीही राहत नाही. पन्हळ निदान वीतभर खोल आणि तेवढीच रुंद हवी. उथळ पन्हळीत पाण्याला निवायला जागाच नसते.

त्यानंतर लेव्हल. डोळ्यांवर भरवसा नको, छोट्या स्पिरिट लेव्हलवरही नको. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणा आणि पन्हळीची दोन्ही टोकं तिने जुळवा. फरक किती महाग पडतो ते सांगतो. काठावर एका टोकाला ४ मिलिमीटर पाणी उभं आहे आणि दुसऱ्या टोकाला ६. दोनच मिलिमीटरचा फरक, पण ६ च्या बाजूने पावणेदोन पटीहूनही जास्त पाणी पडतं. काठावरून जाणारं पाणी उंचीच्या दीडाव्या घाताने वाढतं, म्हणून असं होतं. पन्हळ रिकामी असताना लेव्हल जुळवली आणि पाणी भरल्यावर मधला प्लाय वाकला, हेही नेहमीचं. जुळवणी भरलेल्या पन्हळीवरच करा, आणि मध्ये एक टेकू द्या.

मग काठ. प्लायचा किंवा फायबरचा गोलसर काठ असेल तर पाणी सुटून पडत नाही, काठाला चिकटून खालच्या बाजूने मागे वळतं आणि भिंतीवरून ओघळतं. किटलीतून चहा ओतताना तोटीखालून गळतो, तसंच. काठावर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी सिलिकॉनने बसवा, पुढे बोटभर आलेली, कड धारदार आणि एकसारखी. सिलिकॉनचा एक थेंब जरी कडेवर वाळून राहिला तरी त्याच्या खाली पडद्याला उभी चीर पडते. ब्लेडने खरवडून काढा आणि बोट फिरवून बघा. बोटाला लागतं ते पाण्यालाही लागतं.

उंचीचं गणित

मंडळांना आठ-दहा फुटांचा पडदा हवा असतो. इच्छा समजते, पण पाणी पडताना वेग घेतं आणि वेग घेतं तसं पातळ होत जातं. काठावर ५ मिलिमीटर उभं असलेलं पाणी आठ फूट खाली येईपर्यंत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकं पातळ झालेलं असतं. तेवढा पातळ पडदा टेबलफॅनच्या झुळकीनेही फाटतो. शिवाय पृष्ठताणामुळे त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, म्हणून खाली तो निमुळता दिसतो.

पाणी किती लागेल तेही मोजून घ्या. काठाच्या थोडं मागे ५ मिलिमीटर उभं ठेवायचं तर एक मीटर रुंदीला तासाला साधारण २,३०० लिटर लागतात. १० मिलिमीटर हवं असेल तर ६,६०० च्या आसपास. काठावरच्या पाण्याची उंची दुप्पट, लागणारं पाणी जवळजवळ तिप्पट. मोठा पंप आणूनही काम का होत नाही याचं उत्तर यातच आहे.

माझं मत असं की मोकळा पडदा चार फुटांच्या वर नेऊच नये. बोळ बुटका करा, पेढी भुयारात आहे असं दाखवा. बुटक्या बोळात पहारा जास्त भीतिदायक वाटतो, आणि वाकून आत येणारी डोली छान दिसते. उंची हवीच असेल तर तंगूस वापरा, मासेमारीची नायलॉनची दोरी. काठापासून हौदापर्यंत बोट-बोट अंतरावर दोऱ्या ताणून बांधा, खाली प्रत्येकीला एक नट लटकवा. पाणी दोऱ्या धरून उतरतं, उडत नाही, आवाज कमी होतो, आणि चार पावलांवरून बघणाऱ्याला दोरी दिसत नाही. कडा आत येऊ नयेत म्हणून मोकळ्या पडद्यालाही दोन टोकांना एकेक तंगूस द्याच. आणि गर्दीसाठी लावलेला पेडेस्टल फॅन पडद्याकडे तोंड करून उभा आहे का, ते एकदा बघा.

पंपाकडे आत्ता या

इतकं करूनही पाणी कमी पडत असेल तर पंप. कूलरचा पंप जोडून देखावा उभा करायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तो घरात पडलेला असतो. त्याला पाच-सहा फुटांवर पाणी चढवणं जड जातं. पंपाच्या डब्यावरचा लिटरचा मोठा आकडा शून्य उंचीचा असतो आणि ‘जास्तीत जास्त हेड’ म्हणून दिलेल्या उंचीवर पाणी शून्य निघतं. तुमचं काम या दोन्हींच्या मधे कुठेतरी चालतं, म्हणून दुकानदाराला तुमची उंची सांगून त्या उंचीवर किती पाणी मिळेल ते विचारा. एल्बो, म्हणजे पाईपची वळणं, जितके कमी तितकं बरं. पाणी कमी-जास्त करायला बॉल व्हॉल्व्ह लावाल तो पंपाच्या पुढच्या पाईपवर लावा, ओढणाऱ्या बाजूला कधीच नको.

दुपारी पडदा नीट आणि आरतीच्या वेळी लुळा पडत असेल, तर व्होल्टेज मोजा. संध्याकाळी सगळ्या गल्लीचे दिवे आणि साउंड एकाच लाईनवर येतात. २३० चं १८० झालं तर मोटारीचा जोर साठ टक्क्यांवर येतो. पंपासाठी वेगळी, जाड वायर ओढा. मोटार घुमते पण फिरत नाही असं असेल तर कपॅसिटर बदला, हजारोंचा पंप फेकू नका.

हौद निवडताना एक लक्षात असू द्या. पंप बंद झाला की पाईपमधलं आणि पन्हळीतलं पाणी परत खाली येतं. काठोकाठ भरलेला हौद त्याच वेळी सांडतो आणि सगळी वायरिंग ओली करतो.

नाणी, गुलाल आणि पांढरा थर

पेढी म्हटली की लोक नाणी टाकतात. पाणी आणि कुबेर एकत्र दिसल्यावर हात खिशात जाणारच, आणि जळगावच्या सराफ बाजाराची सवय असलेल्या माणसाला तर ही पेढी आपलीच वाटते. नाणं पंपाच्या जाळीला जाऊन चिकटतं आणि पडदा अचानक अर्धा होतो. श्रद्धा अडवू नका, दानपेटी पुढे आणा, हौदावर जाळी ताणा, आणि पंप भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवून क्रेटला हिरवी शेडनेट गुंडाळा. गुलालही त्या नेटवर अडकतो. नेट रोज रात्री धुवायचं. हौद साबणाने धुतला असेल तर तीनदा पाण्याने खळबळून काढा. फेसाचा प्रत्येक बुडबुडा काठावर आला की पडद्याला भोक पाडतो. पाण्यात रंगही टाकू नका, रंग दिव्यांनी द्या.

आता आपल्या भागाचा खास त्रास. बोअरचं पाणी जड. काळ्या पाषाणातून झिरपताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. कूलरच्या गवताच्या पॅडवर उन्हाळ्याअखेरीस जो पांढरा, कडक थर बसतो तोच इथे काठावर बसतो. पाणी हवेत उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि आपण वरून पुन्हा बोअरचं पाणी घालतो, म्हणून रोज क्षार वाढतच जातात. चौथ्या-पाचव्या दिवशी काठावर बोट फिरवलं तर बारीक रव्यासारखं लागतं. तेव्हाच पडदा तुटायला लागलेला असतो आणि लोक पंपाला दोष देतात. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूसत्व घालून फडक्याने काठ पुसा, दहा मिनिटांनी धुऊन टाका. रात्रभर ठेवू नका, ॲल्युमिनियम खराब होतं. हौदात ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर आधी हौद रिकामा करा, मगच लिंबूसत्व. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो आणि बंद मंडपात तो घातक आहे. नळाचं पाणी मिळालं तर उत्तम, नाही तर दोन दिवसांआड पाणी बदला. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे स्थापनेला भरलेला हौद विसर्जनापर्यंत तसाच ठेवला तर आपण गल्लीला डेंग्यू वाटला.

फ्यूज उडतो, आरसीसीबी पडतो

इथे मी कुणाचं ऐकून घेत नाही. पाणी, वीज, ओले पाय आणि कठड्याला लोंबकळणारी लहान मुलं एकाच जागी आहेत. पंपाच्या आणि दिव्यांच्या लाईनवर ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाईन तोडणारा स्विच, असलाच पाहिजे, पंपाला खरं अर्थिंग पाहिजे, आणि जोडणी महावितरणकडून रीतसर तात्पुरती घेतलेली पाहिजे. आकडा टाकून चालवायच्या देखाव्याला मी हात लावत नाही.

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून सरळ जोडणारे वायरमन भेटतात. त्यांना थांबवा. तो पडतोय म्हणजे कुठेतरी वीज वायर सोडून पाण्याकडे किंवा जमिनीकडे चाललीय, आणि ती वाट एखाद्या पोराच्या अंगातून जाण्याआधी यंत्राने बंद केली. शोधायची पद्धत साधी आहे. सगळे प्लग काढा, आरसीसीबी वर करा, मग एकेक प्लग लावत जा. ज्याच्यावर पडेल तो दोषी. बहुतेक वेळा टेपने गुंडाळलेला जोड हौदाच्या काठाशी ओल्यात पडलेला असतो. जोड उंचावर, बंद डब्यात घ्या. एकही प्लग नसताना पडत असेल तर दोन लाईनींचे न्यूट्रल एकमेकांत गेलेले असू शकतात, तिथे जाणता वायरमनच हवा. पाण्याजवळचे सगळे दिवे १२ व्होल्टचे लावा आणि त्यांचा अडॅप्टर कोरड्यात, लांब ठेवा. हौदात हात घालायचा तर आधी प्लग बाहेर. नुसतं बटण बंद केलेलं चालणार नाही.

वेष उतरतच नाही

पडदा दुरुस्त झाला, तरी जादू होत नाही अशी वेगळी तक्रार असते. डोलीच्या खिडकीत पदर घेतलेली बाई दिसते, पाण्यामागे येते, आणि बाईच राहते. ही युक्ती जुन्या नाटकांची: खिडकीला मच्छरदाणीची काळी जाळी, जाळीवर बाईचं चित्र, मागे तलवार धरलेला पुतळा. पुढून उजेड टाकला की चित्र दिसतं, पुढचा उजेड मालवून आतला लावला की जाळी नाहीशी होते आणि शिपाई उरतो.

बिघडतं ते शिंतोड्यांनी. जाळी ओली झाली की तिच्या भोकांत पाण्याचा पापुद्रा बसतो, उजेड त्याच्यावर पसरतो आणि जाळी पांढुरकी होऊन राहते. डोली पाण्याखालून नेऊ नका. पडद्याच्या मागे दीड-दोन फुटांवरून न्या, प्रेक्षकाला फरक कळत नाही. हौदात पाणी पडतं तिथे शेडनेटची घडी तरंगती ठेवा, शिंतोडे खूप कमी होतात. पुढचा दिवा समोरून नको, बाजूने तिरका हवा, म्हणजे उजेड जाळीतून आत शिरत नाही. पडद्यावरही समोरून फोकस मारू नका, त्यात मंडपाचे बल्बच चमकतात. खालून, हौदाच्या कडेने वर टाकलेला पांढरा उजेड पाण्यात चढतो आणि पडदा जिवंत होतो.

आणि शेवटची अडचण, तिला पंप नाही की दिवा नाही. लोक विचारतात, ‘पाण्याला कसं कळलं की हाच चोर?’ बरीच मंडळं निवेदनात उत्तर घालतात की पाणी पाप ओळखतं. ते काढून टाका, त्याने पहारा कमकुवत होतो. हे पाणी कुणाला ओळखत नाही, आणि ताकद नेमकी तिथे आहे. ते मालकालाही धुतं. ज्याने काही चढवलेलं नाही त्याचं काही उतरत नाही. आसा अहिराने दारात माणसं ओळखायचा प्रयत्न केला असेल, जनाना म्हटल्यावर नजर खाली वळवली असेल. माणसाची भीड पाण्याला नसते.

म्हणून क्रम बदला. आधी पेढीचा म्हातारा पोतदार चोपडी घेऊन पाण्याखालून जाऊ द्या, नुसता भिजलेला बाहेर येऊ द्या. त्याच्यामागून स्वतः कुबेराचं मुंगूस, मूर्तीत त्याच्या हातात असतं ते, जाऊ द्या, तेही भिजलेलं. दोघांच्या वेळी दिवा बदलायचा नाही. मग डोली. आतला दिवा लावण्याआधी पाण्याचा आवाज ऐकू येईल एवढा वेळ थांबा, निवेदन पूर्ण बंद. बाई विरघळून शिपाई दिसतो तेव्हा मागे उभी असलेली माणसंही पुढे सरकतात. कठडा मजबूत बांधा.

विसर्जनानंतर पंप स्वच्छ पाण्यात पाच मिनिटं चालवून वाळवा, तंगूस दांड्यावर गुंडाळा, आणि पन्हळीच्या आतल्या बाजूला ज्या पातळीवर पडदा चांगला पडला तिथे ऑइल पेंटने रेघ मारून ठेवा. पुढच्या वर्षी रेघेपर्यंत पाणी भरलं की अर्धं काम झालेलं असेल.